चहापेक्षा किटली गरम

साहेबापेक्षा त्याचा शिपाईच जास्त रुबाब करायला लागला की आपण म्हणतो, चहापेक्षा किटली गरम. जपानी चहाविधीत हा टोमणा नाही, तिथला रिवाजच तसा आहे. तिथे मान किटलीचा. कुणी चहाला लोक बोलावले तर 'त्याने कामा चढवला' असं म्हणायची पद्धत आहे. कामा म्हणजे पाणी तापवायचं बिडाचं भांडं. त्याला ना तोटी असते ना मूठ, पाणी बांबूच्या पळीने काढायचं. या सगळ्या प्रकाराचं जुनं नाव 'चानोयु', म्हणजे चहाचं गरम पाणी. नावातसुद्धा मुख्य शब्द पाण्याचा.

हे आधीच सांगते, कारण नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. आपल्याला वाटतं आपण चहा करायला शिकणार. मी तशीच गेले होते. पुण्यात जपानी भाषेच्या परीक्षा दिलेल्या, नोकरीमुळे जपानमध्ये मुक्काम, शनिवार मोकळा, आणि घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक आजीबाई शिकवतात असं कळलेलं. पहिल्या दिवशी दीड तासात मी दोन वाडगे चहा प्यायले आणि एकही केला नाही. दुसऱ्या शनिवारी तेच. माच्चाच्या, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या, डबीला हात लागेपर्यंत दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात काय शिकवतात आणि का, ते समजलं की बाकीचा विधी फारसा गूढ राहत नाही.

आधी इतिहास, थोडक्यात. चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत सोंग राजवटीतल्या चीनमधली. एइसाई नावाचा झेन पंथाचा बौद्ध भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला तेव्हा त्याने चहाचं बी आणलं, आणि १२११ मध्ये चहाच्या औषधी गुणांवर एक ग्रंथ लिहिला. मठांमध्ये ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून चहा उपयोगी पडायचा. पुढे तो सरदारांकडे गेला आणि तिथे त्याचं प्रदर्शन झालं: महागडी चिनी भांडी, मोठी दालनं, माझं भांडं तुझ्यापेक्षा दुर्मीळ वगैरे. याला वळण दिलं तिघांनी. मुराता जुको (१४२३ ते १५०२), ताकेनो जोओ (१५०२ ते १५५५) आणि सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१). आज जगात जो चहाविधी शिकवला जातो त्यावर मुख्य छाप रिक्यूची.

रिक्यू साकाई या बंदरातल्या व्यापारी घरातला. ओदा नोबुनागा आणि नंतर तोयोतोमी हिदेयोशी या दोन सत्ताधीशांचा तो चहागुरू होता. त्याने काय केलं, तर दालनाची खोली केली. क्योतोजवळच्या यामाझाकीतलं ताइआन हे चहागृह त्याचं म्हणून मानतात. ते फक्त दोन ततामींचं आहे, म्हणजे दोन चटयांएवढी जागा. चिनी भांड्यांच्या जागी त्याने चोजिरो या कारागिराकडून हाताने घडवलेले काळे आणि लाल राकू वाडगे करून घेतले, आणि बांबूचा तुकडा कापून त्याची फुलदाणी केली. अशा साधेपणाला 'वाबी' म्हणतात. नाइलाजाचा साधेपणा वेगळा. हा जाणून निवडलेला, आणि खरं सांगायचं तर खर्चिकसुद्धा. त्याच रिक्यूच्या मालकाने, हिदेयोशीने, उचलून नेता येईल अशी सोन्याची चहाखोली बनवून घेतली होती. दोघांचं किती दिवस जमणार? १५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यूला पोट चिरून मरायचा हुकूम दिला. नेमकं कारण काय यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

या काळाला गोव्याचाही एक धागा आहे. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला तेव्हा रिक्यू सत्तावीस वर्षांचा होता. पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघाचा पूर्वेकडचा निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्यात आला आणि १५७९ मध्ये जपानला पोचला. मिशनच्या घरांमध्ये पाहुण्यांना रीतसर चहा देण्याची सोय असलीच पाहिजे, असा नियम त्याने घालून दिला. चहाशिवाय तिथल्या सरदारांशी बोलणंच पुढे सरकत नव्हतं. रिक्यूच्या शिष्यांपैकी ताकायामा उकोन हा सरदार स्वतः ख्रिस्ती होता. तो हद्दपार होऊन १६१५ मध्ये मनिलात वारला. वाडगा पुसायची रीत ख्रिस्ती मिसामधून आली असं काहीजण हौसेने सांगतात. पुरावा कुणी पुढे केलेला नाही, तेव्हा ऐकून सोडून द्यावं.

रिक्यूच्या नातवाच्या, सोतानच्या, तीन मुलांपासून तीन घराणी निघाली: ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के. घराणं हा शब्द इथे गाण्यातल्यासारखाच समजावा. राग तोच, पण आवाज लावायची तऱ्हा वेगळी. उरासेन्केत चहावर सगळीकडे बारीक फेस काढतात, ओमोतेसेन्केत चंद्रकोरीएवढी जागा मुद्दाम बिनफेसाची ठेवतात. खोलीत शिरताना एकात उजवा पाय आधी, दुसऱ्यात डावा. इंटरनेटवर बघून सराव करणारा माणूस इथेच फसतो: सोमवारी एका घराण्याचा व्हिडिओ, मंगळवारी दुसऱ्याचा, आणि बुधवारी पाय कुठला टाकावा ते कळत नाही. जवळ जे शिक्षक असतील त्यांचं घराणं आपलं, हा सोपा नियम. मी उरासेन्केत शिकले, म्हणून पुढचं सगळं त्या पद्धतीचं आहे.

शिकायला लागल्यावर काही दिवसांनी एक कागद मिळतो, त्याला 'क्योजो' म्हणतात. मला वाटलं हे प्रमाणपत्र. आपल्याकडे परीक्षा होते, मग कागद मिळतो. इथे उलटं. क्योजो म्हणजे अमुक पायरीचं शिक्षण घ्यायची परवानगी. तो घराण्याच्या प्रमुखाच्या नावाने येतो, त्याचे पैसे भरावे लागतात, आणि तो हातात पडतो तेव्हा त्या पायरीतलं आपल्याला काहीच येत नसतं. मला ही पद्धत सुरुवातीला पैसे काढायची युक्ती वाटली होती. आता पूर्ण तशी वाटत नाही, पण थोडी वाटते.

आता तो दीड महिना. त्याला 'वारीगेइको' म्हणतात, म्हणजे तुकडे करून सराव. बसणं, वाकणं, चालणं, फडक्याची घडी, रवी धुणं, असं एकेक सुटं. बसायचं ते सेइझात, म्हणजे आपल्या वज्रासनात. आपण मांडी घालून तासनतास बसू शकतो म्हणून मी निर्धास्त होते. पंचविसाव्या मिनिटाला पाय माझे राहिले नाहीत. त्यावर शिक्षिकेने दिलेली सूचना कुणाही नवख्याच्या उपयोगाची आहे: मुंग्या आल्या की झटकन उठायचं नाही. आधी टाचा वर करून पायांची बोटं जमिनीला टेकवायची, त्यावर बसून मनात दहा मोजायचे आणि मग उठायचं. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगावं, त्यात कमीपणा नाही. टेबल-स्टुलावर बसून करायचा 'र्यूरेइ' हा प्रकार उरासेन्केचे अकरावे प्रमुख गेनगेनसाई यांनी १८७२ च्या क्योतो प्रदर्शनात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी काढला. दीडशे वर्षं झाली, म्हणजे तोही आता परंपरेतच जमा.

चालायचं ते पाय न उचलता, घासत. ततामीच्या कडेच्या पट्टीवर पाय द्यायचा नाही. पांढरे मोजे घालायचे. किमोनो लागत नाही, पण अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. कारण अगदी व्यवहाराचं: वाडगा तीनशे वर्षांचा असू शकतो आणि धातूने ओरखडा उठतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो 'फुकुसा', कमरेला डाव्या बाजूला खोचलेला रेशमी रुमाल. पुरुषांचा जांभळा, बायकांचा लाल किंवा शेंदरी. लांबून चौकोनी दिसतो, पण एक बाजू दुसरीपेक्षा किंचित मोठी असते. तीन बाजूंना शिवण असते आणि एका बाजूला नुसती घडी. ती शिवण नसलेली बाजू बोटांनी ओळखायची आणि उजवीकडे येऊ द्यायची. मग रुमाल कोपऱ्यांना धरून त्रिकोण करायचा, तो डाव्या हातातून लोंबू द्यायचा, उजव्या हाताने खालचं टोक धरून तिसऱ्या हिश्श्यावर दुमडायचं, पुन्हा दुमडायचं, आणि तळहातावर पुस्तकाच्या पाठीसारखी घडी तयार व्हायला हवी. माझी घडी पहिले तीन आठवडे समोशासारखी यायची. त्या घडीने चहाची लाखेची डबी, म्हणजे 'नात्सुमे', आणि 'चाशाकु' ही बांबूची लांब चमची पुसायची. दोन्ही वस्तू आत मिझुयात, म्हणजे तयारीच्या खोलीत, आधीच स्वच्छ केलेल्या असतात. मग परत का पुसायच्या? कारण पाहुण्याने ते बघायचं असतं. हॉटेलात वेटर समोर येऊन ताट पुसतो तेव्हा आपल्याला शंका येते. इथे पुसणारा इतका सावकाश आणि एकाग्र असतो की बघणाऱ्याचा श्वासही हळूहळू त्या लयीत येतो. रुमाल घडी करताना यजमान स्वतःलाही शांत करत असतो, असं शिक्षिका म्हणायच्या. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. ऑफिसातून धावत आलेल्या एका शनिवारी पटलं.

विधीतल्या विचित्र वाटणाऱ्या हालचालींमागे बहुतेक वेळा असं काहीतरी साधं कारण असतं. 'चासेन', म्हणजे बांबूची रवी, चहा टाकण्याआधी गरम पाण्यात बुडवून दोनदा वर उचलतात आणि डोळ्यांसमोर फिरवून बघतात. मंत्र म्हणतायत की काय असं वाटतं. प्रत्यक्षात काड्या भिजून मऊ व्हाव्यात, आणि एखाद्या काडीचं टोक तुटून चहात पडायच्या बेतात नाही ना, हे बघायचं असतं. ही रवी बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरतात. नारा प्रांतातलं ताकायामा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. चहा दोन प्रकारचा, पातळ आणि घट्ट; पातळ चहाच्या रवीला ऐंशी, शंभर, एकशेवीस अशा बारीक काड्या असतात. त्याच गरम पाण्याने वाडगाही तापतो, मग ते पाणी ओतून तागाच्या ओल्या फडक्याने तो पुसतात. थंड वाडग्यात चहा निवतो, हे सांगायला झेन लागत नाही.

मात्र त्याआधी पाहुणा व्हायला शिकवतात, आणि माझ्या मते शिकवण्याचा हा क्रम अतिशय शहाणपणाचा आहे. पाहुण्याच्या जागेवर बसून दहा वेळा दुसऱ्याचा चहा नीट बघितला की हात आपोआप अर्धं शिकलेले असतात. पाहुण्यांचीही पंगत असते. पहिला 'शोक्याकु', प्रमुख पाहुणा. यजमानाशी बोलणं, प्रश्न विचारणं, सगळ्यांच्या वतीने आभार मानणं त्याचं काम. शेवटचा 'त्सुमे'; भांडी गोळा करून परत पोचवणं त्याच्याकडे. म्हणून नवख्याने कुठल्याही चहासभेत मधली जागा धरावी आणि शेजारच्याचं बघून करावं. नम्रपणाने शेवटी जाऊन बसलात तर अंगाशी येतं.

चहाआधी गोड येतं. घट्ट चहाबरोबर ओलसर, गोड कडधान्याच्या सारणाचं. पातळ चहाबरोबर साखरेच्या साच्यातलं कोरडं. उन्हातून आलेल्याला आधी गूळ द्यायचा आणि मग पाणी, हे ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. खिशातून आणलेल्या कागदाच्या घडीवर, म्हणजे 'काइशी'वर, ते घ्यायचं आणि चहा येण्याआधी संपवायचं. कडू माच्चा पुढे येतो तेव्हा जीभ गोड असते. दूध-साखर कुठेच नसते.

वाडगा समोर आला की आधी शेजारच्याला 'ओसाकी नि' म्हणायचं, म्हणजे तुमच्या आधी घेतो. मग यजमानाला 'ओतेमाए चोदाई इताशिमासु', तुम्ही केलेला चहा घेतो. उजव्या हाताने वाडगा उचलून डाव्या तळहातावर ठेवायचा, उजवा हात बाजूने लावायचा, जरासा वर उचलून नमस्कार केल्यासारखं करायचं. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोनदा थोडा थोडा फिरवायचा. हे फिरवणं बाहेर फार प्रसिद्ध आहे आणि त्याबद्दल वाटेल ते सांगितलं जातं. गोष्ट एवढीच: वाडग्याला एक दर्शनी बाजू असते, जिथे चित्र असतं किंवा झिलई सुंदर उतरलेली असते. यजमान ती बाजू पाहुण्याकडे करून देतो. पाहुणा, एवढ्या चांगल्या बाजूला तोंड कसं लावू, म्हणून ती बाजूला करतो. दोघंही चांगली बाजू एकमेकांना देऊ बघतात. साधारण साडेतीन घोटांत चहा संपवायचा आणि शेवटचा घोट 'सुर्र' असा आवाज करत ओढायचा, म्हणजे आत यजमानाला कळतं की संपला. बशीत चहा ओतून फुरके मारणाऱ्या माझ्या आजोबांना हा एवढा भाग पहिल्याच दिवशी जमला असता. ओठ लागले ती कड बोटाने पुसायची, बोट कागदाला पुसायचं, आणि वाडगा उलट फिरवून परत ठेवायचा.

त्यानंतर वाडगा बघायचा. हे राहून जातं. कोपर मांडीला टेकवून, अगदी खाली वाकून, जमिनीपासून वितभर उंचीवरच दोन्ही हातांनी फिरवून बघायचा, म्हणजे हातातून निसटला तरी फुटणार नाही. तळाशी कारागिराचा शिक्का, आत उरलेल्या चहाची हिरवी रेघ.

आणि मग एकदाचा चहा. नवख्याला सगळ्यात आधी शिकवतात तो 'बोनर्याकु', तबकातला छोटा प्रकार. त्यात कामा नसतो, साधी लोखंडी किटली चालते, आणि घरी करायचा तर थर्मासही. मापं अशी: दीड चाशाकु, म्हणजे साधारण दोन ग्रॅम माच्चा, ऐंशी अंशांच्या आसपास तापलेलं साठ-सत्तर मिलिलिटर पाणी. उकळतं पाणी ओतलं तर कडूपणा वाढतो. माच्चा आधी चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या मोडत बसावं लागतं. ही पूड सावलीत वाढवलेल्या पानांची असते. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे झुडपांवर आच्छादन घालतात, त्यामुळे पान गडद हिरवं होतं आणि चवीला गोडसर भरदारपणा येतो. दगडी जात्यावर तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम दळलं जातं, म्हणून महाग. बेकरीसाठी विकतात तो स्वस्त माच्चा घेऊन 'मला हा प्रकार आवडला नाही' असं ठरवू नका.

घुसळताना आपला हात दगा देतो. ताक करायची सवय असलेला हात रवी गोल फिरवतो. चासेन गोल फिरवायचा नाही. मनगट सैल सोडून पुढे-मागे, पुढे-मागे, तळाला न घासता, भरभर. आधी तळाशी, मग फेस यायला लागला की टोकं पृष्ठभागाजवळ आणून हळू, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून फेस साईसारखा बारीक होतो. शेवटी एक सावकाश वळण घेऊन रवी मधोमध वर उचलायची, म्हणजे फेस मध्ये जरा उंच राहतो. माझा पहिला चहा भांडी घासायच्या पाण्यासारखा झाला होता. शिक्षिकेने तो पूर्ण प्यायला, शेवटचा सुर्र आवाजही केला आणि म्हणाल्या, खांदा खाली. पुढचे दोन महिने त्यांनी मला चहाबद्दल दुसरं काही सांगितलं नाही, फक्त खांदा खाली. रवी साबणाने धुवायची नाही, नुसत्या पाण्याने धुऊन उभी वाळवायची. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तिला हमखास बुरशी धरते, तेव्हा पंख्याखाली ठेवा.

घट्ट चहा, 'कोइचा', हे पुढचं प्रकरण. माणशी चार ग्रॅमच्या आसपास पूड आणि थोडंसं पाणी. घुसळायचं नाही, मळायचं. पातळ पिठल्याइतका दाट होतो आणि एकाच वाडग्यातून सगळे पाहुणे घोट घोट घेतात. पूर्ण चहासोहळा, 'चाजी', चारेक तास चालतो: निखारे रचणं, जेवण, गोड, बागेत विश्रांती, मग हा घट्ट चहा, पुन्हा निखारे, आणि शेवटी पातळ चहा. पर्यटकांना वीस मिनिटांत दाखवतात ते या सगळ्याचं शेपूट. चाजीला जाताना 'रोजी' नावाच्या बागेतून जावं लागतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवरची बाग आहे, पण ती हिंडायची बाग. रोजी म्हणजे फक्त एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतची दगडी वाट. मध्येच दोरीने बांधलेला मुठीएवढा दगड ठेवलेला दिसला तर इकडे वळू नका असा अर्थ. शेवटी येतं 'निजिरिगुची', जेमतेम सहासष्ट सेंटिमीटर उंचीचं दार. त्यातून गुडघ्यांवर सरपटत आत जायचं, मग तुम्ही कोणी का असेना. सामुरायांनाही तलवार बाहेर ठेवावी लागे.

हाताला सगळं जरा बसतंय असं वाटायला लागलं की नोव्हेंबर उजाडतो आणि खोलीच बदलते. मे ते ऑक्टोबर कामा 'फुरो'वर, म्हणजे सुट्या शेगडीवर, पाहुण्यांपासून लांब असतो. नोव्हेंबरमध्ये ततामी उचलून जमिनीतली चौकोनी चूल, 'रो', उघडतात आणि विस्तव पाहुण्यांच्या जवळ येतो. उन्हाळ्यात ऊब दूर, थंडीत जवळ, इतका सरळ हिशेब. पण यजमानाची बसायची दिशा बदलते, पळी ठेवायची जागा बदलते, सहा महिन्यांत शिकलेलं निम्मं विसरावं लागतं. आणि मे महिन्यात पुन्हा उलटं. वाडगेही बदलतात: थंडीत उंच, अरुंद, उन्हाळ्यात पसरट, म्हणजे लवकर निवावा. ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्यावर झाकण म्हणून चक्क एक मोठं ओलं पान ठेवतात. गार पाणी घ्यायच्या वेळी यजमान ते पान दुमडून सांडपाण्याच्या भांड्यात टाकतो. हीसुद्धा गेनगेनसाईंचीच कल्पना.

ऋतूचं भान किती सूक्ष्म असतं ते मी एकदा फजितीतून शिकले. विधीच्या शेवटी प्रमुख पाहुणा चाशाकुचं नाव विचारतो, कारण चांगल्या चमच्यांना काव्यात्म नावं असतात. सरावाच्या चमचीला नाव नसतं, तेव्हा विद्यार्थ्याने ऋतूला साजेसं नाव मनानेच सांगायचं. जूनचा महिना, बाहेर पाऊस. मी ऐटीत म्हटलं, 'शिगुरे'. मला शब्दकोशातून एवढंच ठाऊक होतं की हा पावसाच्या सरीचा सुंदर शब्द आहे. क्षणभर शांतता, मग तीन आजीबाया तोंडावर हात ठेवून हसल्या. शिगुरे म्हणजे हिवाळा सुरू होताना येणारी थंड सर. जूनमध्ये ते नाव म्हणजे आषाढात कुणी हुरड्याचं आमंत्रण द्यावं तसं.

कुणीतरी रिक्यूला चहाचं रहस्य विचारलं, अशी एक गोष्ट परंपरेत सांगतात. त्याने सात गोष्टी सांगितल्या: चहा पिणाऱ्याला रुचेल असा कर, पाणी उकळेल असे कोळसे रच, फुलं रानात असतात तशी ठेव, उन्हाळ्यात गारवा दे आणि थंडीत ऊब, वेळेच्या आधी तयार राहा, पाऊस नसला तरी छत्री तयार ठेव, बरोबरच्या पाहुण्यांची काळजी घे. विचारणारा म्हणाला, हे तर कुणालाही ठाऊक आहे. रिक्यू म्हणाला, हे तुला करता आलं तर मी तुझा शिष्य होईन. त्याच्याच नावावर चालत आलेल्या पदांपैकी एकात म्हटलंय की एक कामा असला की चानोयु होतो, ढीगभर भांड्यांचा हव्यास कशाला. भांड्यांच्या दुकानात गेलं की हे पद आठवायचं असतं. मला दरवेळी बाहेर आल्यावर आठवतं.

त्या 'कामा'च्या तळाशी आतून लोखंडाचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, पाणी तापलं की आवाज यावा म्हणून. त्या आवाजाला 'मात्सुकाझे' म्हणतात, म्हणजे सूचिपर्णी झाडांतून वाहणारा वारा. पहिले काही आठवडे तो ऐकूच येत नाही, कारण आपलं लक्ष रुमालाच्या घडीत आणि झोपलेल्या पायांत असतं. विधी आपोआप संपत नाही. प्रमुख पाहुण्याने 'आता आवरा' अशी विनंती करायची, यजमानाने वाकून 'आवरतो' म्हणायचं. रवी धुतली जाते, चमची पुसली जाते, आणि मग यजमान एक पळीभर गार पाणी 'कामा'त ओततो. आवाज एकदम थांबतो. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तो असा, थांबल्यावर.